पडद्यावर मंगळवार, पोटात गुरुवार

मी एक जुने पान आहे. कागदाचे नव्हे, एका दवाखान्याचे वेबपान. मला वाळवी लागत नाही, माझी कड दुमडत नाही, म्हणून माझे सगळे सुखात चालले असेल असे समजू नका, मित्रांनो. आमचे हाल पोटात होतात आणि बाहेरून कुणाला दिसत नाहीत.

मला घडवले नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंनी. गर्दी ओसरली की त्या मला हाताने लिहीत, अक्षर अन् अक्षर. वर दवाखान्याचे नाव, खाली कोणते डॉक्टर कोणत्या वारी, संपले. रूपाने मी अगदीच बेताचे होते. पण फोन कितीही जुनाट असो, बोट लावले की मी हजर!

माझा एक वाचक होता, वाद्ये सुरात लावून देणारा कारागीर. त्याला दिसत नाही. त्याचा फोन मला मोठ्याने वाचून दाखवी: "हाडांचे डॉक्टर, मंगळवार." तेवढे ऐकून तो वडिलांना गुडघे दाखवायला घेऊन येई. रस्ता वडील बघत, वार तो बघे. बापलेकांची अशी वाटणी होती आणि आपल्या वाट्याचा त्याला फार अभिमान होता.

मग दवाखान्याच्या साहेबांनी भाड्याचे सॉफ्टवेअर आणले. "आता लिहायला नको, नुसतं उचला आणि ठेवा!" बाई हरखल्या. खरे सांगते, मीही हरखले. मला सावल्या आल्या, गोल कोपरे आले, निळी पट्टी आली.

"आता कसा दवाखाना वाटतो!" साहेब म्हणाले.

"आधी काय किराणा दुकान वाटत होतं?" बाई हसून म्हणाल्या.

पण त्या यंत्राने माझ्या पोटात जो कचरा कोंबला, तो काय सांगू! चौकटीत चौकट, तिच्यात रिकामी चौकट, आणि तोच तो रंग प्रत्येकीला पुन्हा पुन्हा बजावलेला. त्याहून वाईट म्हणजे, बाईंनी तुकडा जिथे ठेवला तिथे तो पडद्यावर दिसे. पोटात मात्र तुकडे उचलल्याच्या क्रमाने पडून राहत, आणि फोन मोठ्याने वाचतो तो पोटातलाच क्रम. मंगळवार बाईंनी विसरून सगळ्यात शेवटी उचलला होता. त्यामुळे पडद्यावर हाडांच्या डॉक्टरांशेजारी मंगळवार होता आणि पोटात त्यांच्यामागे दुसऱ्याच डॉक्टरांचा गुरुवार. सगळ्यांनी मला डोळ्यांनी तपासले. कानांनी एकानेही नाही.

आणि गुरुवारी बापलेक आले. वडील कठडा धरून, थांबत थांबत जिना चढले. वर डॉक्टरांच्या खोलीला कुलूप.

"आज नसतात हो, दादा. मंगळवारी असतात. पानावर आहे की!" बाई म्हणाल्या.

"पानावरूनच ऐकून आलो, ताई."

वडील बाकावर टेकले आणि गुडघा चोळू लागले. "जाऊ दे रे. पुढच्या वेळी शेजाऱ्यांना विचारून निघू."

म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण मुलाचा चेहरा पार उतरला. घरात त्याच्या हक्काचे एक काम होते, तेही माझ्यामुळे हातचे निघून चालले होते.

त्याने फोन खिडकीत ठेवला. "साहेबांना बोलवा. भांडायला नाही, ऐकायला."

साहेब आले. फोन बोलू लागला: "चौकट. चौकट, रिकामी. चित्र, नाव नाही. चौकट. हाडांचे डॉक्टर. गुरुवार."

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवले. "पण इथे तर मंगळवार दिसतोय."

"तुम्हाला दिसतोय, साहेब. मला गुरुवार ऐकू येतोय. खोटं कुणीच बोलत नाहीये."

बाई दुरुस्तीला बसल्या, तर सॉफ्टवेअर म्हणते, मुदत संपली, आधी भाडे भरा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे, तर ते मला ओळखच देईना.

"डॉक्टर आपले, पान आपलं, आणि मंगळवार लिहायला परवानगी यांची?" साहेब चिडले.

बरोबरच चिडले. आपणच लिहिलेले उघडायला दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागते, त्याला हे लोक सोय म्हणतात. मी अडवणूक म्हणते.

"राहू द्या ते," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा हाताने लिहिते."

"आणि निळी पट्टी?"

"पट्टीला दोन ओळी पुरतात हो, साहेब. हवी तर ठेवते."

बाई एकेक ओळ लिहीत गेल्या, मुलगा खिडकीशी उभा राहून फोनवर ऐकत गेला. साहेबांनीही डोळे मिटून कान दिला. शेवटी फोन स्वच्छ बोलला: "हाडांचे डॉक्टर, मंगळवार."

वडील बाकावरून उठले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल. मंगळवारी लवकर उठव मला. शेजाऱ्यांना कशाला त्रास द्यायचा?"

मित्रांनो, मला खुशाल सजवा, माझे काही म्हणणे नाही. पण जगापुढे ठेवण्याआधी एकदा पडदा झाकून मला ऐका. आणि मला अशा जागी ठेवा, जिथे मला उघडायला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही. माझ्या पोटातला गोंधळ तुम्हाला दिसत नाही. पण तो कुणाला तरी दुखऱ्या गुडघ्यांनी चढावा लागतो.