कोटाचं राज्य

मिरचीचं एक बी अंगठ्याच्या नखाखाली रुतून बसलं होतं आणि पर्सिदा ते काढत नव्हती. ते चुरचुरत राहिलं तर बाहेरच्या खोलीतलं ऐकू येणार नाही असं तिला वाटलं होतं... पण येत होतंच. तिमोतिये, तिचा नवरा, मोठ्याने वाचत होता. मेलेल्या राजाचा कोट गादीवर ठेवून मंत्री त्याच्या नावाने कारभार करतात – तिचं वाक्य, तिचाच स्वल्पविराम, आणि वाचणारा बेलग्रेडच्या पोलीस कचेरीचा चिटणीस! तो कामावर गेला की ती लिहायची. मग लोकरीच्या गाठोड्यातून ते नदीपलीकडे, ऑस्ट्रियाच्या हद्दीत, मानलेल्या भावाच्या छापखान्यात... पुस्तकावर नाव घातलं नव्हतं. नाव नाही म्हणजे माणूसच नाही – तेव्हा किती सोपं वाटलं होतं ते.

"सापडला बरं का लेखक," तो आतल्या दिशेने ओरडला.

तिचा हात थांबला. आता खुर्ची सरकेल, तो दारात येईल...

"स्रेतेन मास्तर. कॉफीखान्यात नकला करून वाचत होता. काल उचलला."

"पण त्यांनीच लिहिलं कशावरून?"

"अगं, कबूल केलं की! आधी नाही-नाही म्हणत होता. चार फटके बसले नि आलं तोंडातून."

स्रेतेन – हडकुळा, पोरांना मुळाक्षरं शिकवणारा, रस्त्यात भेटला की टोपी काढणारा. फटके कुठे बसले असतील? पाठीवर? पायांवर? ती दारापर्यंत कशी आली तिलाच कळलं नाही.

"अहो... ते मी लिहिलंय."

तिमोतियेने तिच्याकडे पाहिलं. मग तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं.

"तू? बाहेर बोलू नकोस हो असलं काही, कचेरीत माझी पिसं काढतील! चल, वाढ आता."

त्याने पान उलटलं. पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं; तेवढं म्हटलं असतं तरी त्याचं हसू विरलं असतं. पण ते हसू ऐकताच छातीवरचं ओझं उतरलं होतं, श्वास मोकळा झाला होता – आणि ते तिला कळलं होतं. मी सांगितलं ना... त्यांनीच ऐकलं नाही...

तिने पाव कापायला घेतला. चकत्या एकसारख्या पडत होत्या. हात जराही हलत नव्हता, आणि त्या हाताकडे बघता बघता तिच्या अंगावर काटा आला.