लेकीसाठी ठेवलेली पेटी

लेकीने शेडमधली पेटी स्वयंपाकघरात आणून झाकण उघडलं आणि म्हातारे मिस्त्री कौतुकाने पुढे वाकले. आत नुसता तांबडा गंज! रंध्यांच्या पात्यांवर, पटाशांवर, करवतीच्या दात्यांवर, जिथे म्हणून लोखंड होतं तिथे.

उद्यापासून लेक स्वतःचं सुतारकाम थाटणार होती. हात थरथरायला लागले म्हणून मिस्त्रींनी धंदा सोडला, तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, ही हत्यारं तिलाच द्यायची. थंडी सुरू होताच त्यांनी एकेकाला तेल चोपडलं आणि पेटी मागच्या शेडमध्ये उंच फळीवर ठेवली. कुठे काही कमी ठेवलं नव्हतं. मग हे झालं कसं?

सासरा हादरला, की आधी जावयावरच घसरतो. "जावईबापू, शेडचं छप्पर तुम्हीच दुरुस्त केलंत ना? गळतंय ते! माझ्या जन्माच्या कमाईचं वाटोळं केलंत!"

जावई म्हणजे गरीब गाय. "बघून येतो, मामा," एवढंच म्हणून तो बोचऱ्या थंडीत बाहेर पडला.

लेकीने रंध्याचं पातं फडक्याने पुसलं. स्वयंपाकघरात शेगडी धगधगत होती, किटली उकळत होती. मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत त्या थंडगार पात्यावर बारीक दव धरलं. तिने पुन्हा पुसलं. पुन्हा धरलं.

मिस्त्रींना लख्ख उमगलं. गार लोखंड एकदम उबेत आणू नका, असं हाताखालच्या माणसांना बजावण्यात त्यांची हयात गेली होती. आणि स्वतः काय केलं? महिन्यापूर्वी गारठा वाढून शेडपर्यंत जाणं बंद झालं, तोवर रोज संध्याकाळी, ही दोघं कामावरून यायच्या आत, पेटी स्वयंपाकघरात आणायची. एकेक हत्यार हातात घ्यायचं, लाडाने पुसायचं, म्हणजे लावलेलं तेलही पुसून टाकायचं. मग झाकण लावून, आतल्या ओलीसकट, पेटी परत गारठ्यात. हे एकदाही ध्यानात येऊ नये? अक्कल काय गहाण टाकली होती?

जावई हात चोळत परत आला. "छप्पर तर कोरडं आहे, मामा. तरी उद्या पुन्हा बघतो."

"नका बघू." मिस्त्रींना त्याच्या तोंडाकडे पाहवेना. "हा उद्योग माझा. रोज मीच पेटी आत आणत होतो."

लेकीने फडकं खाली ठेवलं. "पण कशाला, बाबा? तुम्हाला तर आता रंधा धरवतही नाही."

"बघायला," मिस्त्री म्हणाले. "नुसतं बघायला."