शेंदराचा घोट

सम्राटनं पुढं केलेला पेला हंबीररावबुवांनी दोन्ही हातांनी घेतला, ओठापर्यंत नेला आणि त्याची पाठ वळताच कट्ट्यावरच्या तुळशीत ओतून टाकला. ज्येष्ठमधाचं कोमट पाणी होतं. मातीनं ते शोषलं तसा गोडसर वास वर आला, आणि बुवांचा कोरडा घसा आतल्या आत हलला.

"एवढ्यात संपलं?" सम्राट पेला न्यायला आला.

"व्हय. गोड हुतं," बुवा म्हणाले आणि कोरड्या तोंडानंच कीर्तनाला उभे राहिले.

शिवाजी पेठेतल्या त्या लहानशा विठ्ठल मंदिरात सप्ताह चालला होता. बुवांचं कीर्तन म्हणजे पेठेला घरचं कार्य. तालमीतली पोरंसुद्धा अंगाची माती धुऊन मागच्या भिंतीला टेकून बसायची. आणि बुवांच्या डाव्या हाताला पेटीवर सम्राट, हे तर देवाच्या डाव्या हाताला रखुमाई असावी इतकं ठरलेलं. सम्राट हुपरीचा. दिवसभर घरच्या कारखान्यात चांदीची पैंजणं जोडायचा, मग एसटी धरून यायचा. बोटांच्या पेरांतला काळेपणा कितीही धुतला तरी जायचा नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बुवांच्या मागं होता, आता त्याच्या मिशीत पांढरा केस आला होता. बुवांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागं फडावर कोण उभं राहणार, हे त्यांना कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

पण माघात हुपरीच्याच सप्ताहात वरचा सूर लावताना बुवांचा आवाज चिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ टाकली ती लालसर. शेजारी दात घासत उभ्या असलेल्या एका पावण्यानं ती बघितली.

"बुवा, जपून," तो हळूच म्हणाला. "गाणाऱ्याला शेंदूर चारला की गळा बसतोय तो कायमचा. आणि चारणारा लांबचा नसतोय कधी."

पावणा तोंड धुऊन आपल्या वाटेनं गेला. त्याचं बोलणं मात्र बुवांच्या पोटात मुक्कामाला राहिलं.

तेव्हापासून त्यांना नको ते दिसू लागलं. सम्राट आणि पखवाजवाला बाळासो कोपऱ्यात कुजबुजायचे, बुवा आले की गप्प व्हायचे. बाळासो पूर्वी सगळ्यांदेखत पखवाज सुरात लावायचा, तो आता देवळामागच्या पारावर जाऊन लावू लागला. आणि सम्राट पेटीच्या पट्ट्यांवर उपरणं पसरून त्याखाली बोटं चालवायचा. "घाम सुटतोय, पट्ट्या खराब हुत्यात," म्हणायचा. घामाला कुणी उपरण्याखाली हात घालतं का?

बुवांनी त्याच्या हातचं पाणी सोडलं, दूध सोडलं, विडा सोडला. घरी सकाळी रियाजाला बसले की वरचा सूर फाटायचा. कीर्तनात मात्र तो कसाबसा हाताला लागायचा. पांडुरंग लाज राखतो, असं म्हणून बुवा डोळे मिटायचे. डोळे उघडले की पुन्हा ते उपरणं दिसायचं.

शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं. "काला झाला की सगळ्यांदेखत सांगणार हाय. पेटीला दुसरा माणूस बघितलाय म्हणून."

शालूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "लेकरागत वाढवलं आणि आता पेठेसमोर उघडं पाडणार व्हय? आधी शेवंताबाईच्या दीक्षाला त्वांड दाखवून या. दाताची डाक्टर हाय ती. मग काय करायचं ते करा."

शेवंताबाई त्यांची जुनी शेजारीण. तिच्या लेकीचा दवाखाना शाहूपुरीत होता. दीक्षानं बुवांना खुर्चीत मागं रेलवलं, दिवा ओढला.

"आ करा, काका. मोठा. कीर्तनात करता तसा."

"शेंदूर दिसतोय का बघ," बुवा खुर्चीतूनच म्हणाले.

ती हसली नाही. तिनं त्यांच्या हातात आरसा दिला आणि दांडीवरचा बारका आरसा तोंडात धरला. "तुम्हीच बघा. हे दात. ह्या हिरड्या. वर ही टाळू, पुढं टणक, मागं मऊ. मऊ टाळूच्या टोकाला लोंबतीया ती पडजीभ. खाली जीभ, दोन्ही बाजूंनी गाल. शेंदूर लपवायला जागा हाय का कुठं?"

बुवा बघत राहिले. ज्या तोंडानं उभा जन्म देवाचं नाव घेतलं, त्यात त्यांनी कधी डोकावलंच नव्हतं. दातांचे खांब, वर टाळूचा घुमट, मागच्या अंधारात लोंबती घंटा.

"ह्यो तर गाभारा की गं," ते आरसा न हलवता म्हणाले.

"मग गाभारा झाडतात का न्हाय?" दीक्षानं दाताच्या मुळाशी कापूस दाबला आणि दाखवला. टोक लाल झालं होतं. "हा तुमचा शेंदूर. किटण साचलंय, हिरडी सुजलीया. आणि जीभ बघा, उन्हात टाकल्यागत. पाणी पीत न्हाई काय?"

बुवांनी आरसा खाली ठेवला. "मग आवाज का गेला?"

"आवाज गळ्यात उठतो, तोंडात त्याला आकार येतो. वय काय तुमचं?"

"सत्तरी आली."

"मग ती गळ्यालाबी आली असंल की, काका."

परतीच्या रिक्षात बुवांना हलकं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलं, पण बिंदू चौकापर्यंतच. रक्त हिरडीचं, कबूल. मग कुजबुज कसली? पखवाज देवळामागं का? उपरण्याखाली काय? शेंदूर नसेल, दुसरं काही असेल. दाताच्या डॉक्टरला तोंडातलं दिसतं, मनातलं थोडंच दिसतं! त्यांनी ठरवलं, आधी उपरणं बाजूला करायचं, मग बोलायचं.

काल्याच्या सकाळी देऊळ भरलं. वर दहीहंडी टांगली होती, लाह्यांचा वास सुटला होता. सम्राटनं पेला आणून पेटीशेजारी ठेवला. बुवांनी त्याच्याकडं बघितलं नाही. कृष्णाच्या शिदोऱ्यांचं कीर्तन रंगलं, टाळ चढले, आणि बुवांनी वरचा सूर घेतला. तो लागला. फाटला नाही, स्वच्छ लागला. त्यांचे डोळे भरून आले, हात विठ्ठलाकडं गेले. टाळकऱ्यांनी ओळ उचलली तसे ते नाचत डावीकडं वळले आणि त्यांनी वाकून उपरण्याचं टोक ओढलं.

काळी दोन. बुवांची पट्टी. जन्मात त्यांनी दुसऱ्या पट्टीत कीर्तन केलं नव्हतं. वय झालं म्हणून पट्टी उतरवणाऱ्या दुसऱ्या बुवांना ते चिडवायचेसुद्धा. त्या काळी दोनवर बोट नव्हतं. सम्राटचं काळसर पेराचं बोट शेजारच्या काळी एकवर होतं, पायरीभर खाली.

सम्राटचा चेहरा उतरला. भाता ओढणारा हात मात्र थांबला नाही. पलीकडं बाळासोनं मान खाली घातली. पायरीभर उतरवलेला पखवाज त्याच्या मांडीवर घुमत होता. मागं टाळकऱ्यांची सगळी ओळ आपापल्या पायांकडं बघत गात होती.

लोकांना वाटलं, बुवा रंगात आले.

बुवा क्षणभर वाकलेलेच राहिले. मग त्यांनी ते उपरणं पुन्हा पट्ट्यांवर पसरलं, चुण्या काढल्या, पुढचं टोक खाली ओढून नीट झाकलं. देवाला पांघरूण घालावं तसं.

"पाणी दे रं," ते म्हणाले.

सम्राटनं एका हातानं पेला दिला. बुवांनी तो उभ्यानंच, सगळ्यांदेखत, थेंबही न ठेवता घशाखाली उतरवला. जीभ ओली झाली, टाळू ओली झाली, गाल ओले झाले.

सम्राटनं पेला परत घेतला आणि आत बघितलं.

"आज तुळशीला न्हाय घातलं?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

बुवांचा हात त्याच्या खांद्यावर टेकला आणि तिथंच राहिला. ओळ फिरून त्यांच्यापाशी आली होती. त्यांनी तोंड उघडलं.