काढलेले टाके

चादरींच्या गावात गोधडीला कोण विचारतं, असं श्रीदेवीला तिच्या माहेरच्यांनी तोंडावर विचारलं होतं. पण विचारणारे निघाले. भवानी पेठेतल्या तिच्या पुढच्या खोलीत खिडकीशी एम्ब्रॉयडरीचं मशीन होतं, घरगुती, शिवणयंत्रापेक्षा थोडंसंच मोठं. लोक आईच्या, आजीच्या जुन्या साड्यांचे थर घेऊन यायचे. श्रीदेवी ते थर मशीनच्या रिंगेत ताणून बसवायची, छोट्या पडद्यावर नक्षी निवडायची आणि बटण दाबायची. सुई एका जागी खालीवर व्हायची, रिंग आपली आपण सरकायची आणि अर्ध्या तासात सगळे थर एकमेकांना धरून वेलबुट्टीत बांधले जायचे.

शहरातली माणसं त्याला गोधडी म्हणत, खेड्यातली वाकळ म्हणत, आणि घरात सासूबाई अक्कम्मा कौदी म्हणत. अक्कम्मांनी उमेदीत गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींना हाताने कौद्या शिवून दिल्या होत्या. आता बोटं आखडली होती, चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागे. पण जीभ आखडली नव्हती.

"कौदी शिवतेस का छापतेस गं?" त्या आतून विचारायच्या.

"छापते, अत्ती," श्रीदेवी म्हणायची. सासू-सुनेचं असं बरं चालायचं.

या धंद्यात एक रीत होती. थर घरून आणताना सरकू नयेत म्हणून लोक त्यांना लांब लांब कच्चे टाके घालून आणत. मशीनचं काम झालं की ते टाके काढून टाकायचे. "टाके काढू ना?" हा प्रश्न श्रीदेवी दिवसातून चारदा विचारायची, आणि उत्तर ठरलेलं असायचं.

माघातल्या एका मंगळवारी दुपारी सिदू धनगर दारात येऊन उभा राहिला. साठी उलटलेली, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं आणि काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्याच वेळी मशीनमधल्या धाग्याचा रंग बदलायचा होता, ते टिंग टिंग करत होतं. मशीन टिंग टिंग करायला लागलं की साक्षात सिद्धेश्वर दारात आला तरी श्रीदेवी त्याला थांबा म्हणाली असती.

"सांगोल्याच्या पल्याडनं आलोय, बाई. वाकळ हाय. लेकीच्या बाळाची. बारशाला पायजे."

"कधी आहे बारसं?" सुईत निळा धागा ओवत तिने विचारलं.

"बाळच यायचंय आजून." म्हातारा हसला. "दीस भरल्यात. कुर्डुवाडीला सासर हाय, तितंच ठिवलीया. आता हिकडं कोन हाय तिचं कराय?"

त्याने गाठोडं सोडलं. लहानशी वाकळ होती, दीड हात लांब, हातभर रुंद. निम्म्या भागावर टाके होते, निम्मी कोरी होती.

"आमच्या मालकिणीच्या हातचं टाकं हायती," तो म्हणाला. "आर्ध्यात उटून गेली. आमच्या वाडीत आसं टाकं कुनाला जमत न्हाय. म्हटलं, मशिनीवर काढून घ्यावं."

"सगळे काढू?"

"व्हय की. सगळं. कुटं सोडू नका."

मशीन पुन्हा ओरडलं. "ठेवा मामा," ती पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या मंगळवारी या."

वाकळ खाटेवर ठेवून त्याने तिच्यावर हात तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला. "संभाळून," म्हणाला, आणि गेला.

कान असून ऐकू न येणं याला काय म्हणायचं? माहेरी लेकीचं करायला कुणी नाही, मालकीण अर्ध्यात उठून गेली, असं माणूस आपल्या तोंडाने सांगून गेला होता. श्रीदेवीने त्यातले दोनच शब्द उचलले, बारसं आणि टाके.

गुरुवारी तिने वाकळ उघडली. अस्तराला हिरवं इरकल होतं, वापरून वापरून मऊ झालेलं. टाके जिथे संपले होते तिथे सुई तशीच टोचलेली होती, जाडसर आणि नाकाशी थोडी गंजलेली. श्रीदेवीने ती काढून आपल्या टाचण्यांच्या उशीत खोचली आणि टाके उसवायची आकडी घेतली.

ज्वारीच्या दाण्याएवढे टाके होते, एकसारखे, सरळ ओळीत. एकोणीस ओळी पूर्ण होत्या, विसावी अर्धी. मधूनमधून एक छोटी गाठ यायची, म्हणजे बाई तिथे उठली असेल, मेंढरं बघायला किंवा चुलीकडे, आणि परत येऊन बसली असेल. हे काही कच्चे टाके नव्हेत, हे श्रीदेवीच्या हातांना कळत होतं. दोनदा आकडी थांबली. पण गिऱ्हाईकाने सांगितलं ते करायचं, असं म्हणून तिने हातांना गप्प केलं. इथे तिचं चुकलं, आणि पुढे तिने ते कुणी न विचारता कबूल केलं. निघालेला दोरा कचऱ्याच्या डब्यात गेला, डबा सकाळी घंटागाडीत गेला.

मग तिने सगळ्या वाकळीवर कमळाची वेल घातली, अगदी जीव ओतून. एकवीस हजार टाके झाले, पडद्यावर आकडाच यायचा.

पुढच्या मंगळवारी म्हातारा आला तो हसतच. "मुलगी झाली. शनवारी बारसं." अक्कम्मांनी आतून गुळाचा खडा पाठवला. श्रीदेवीने वाकळ त्याच्या मांडीवर पसरली.

"लई भारी," तो म्हणाला. वेलीवरून त्याने हात फिरवला. मग वाकळ उलटी केली. परत सुलटी केली. कडेकडेने बोट नेऊ लागला.

"आन् हिचं टाकं?"

"काढले की मामा, सगळे."

"व्हय, पर कुटं काढलंसा?"

"कुठे म्हणजे? काढून टाकले. तुम्हीच म्हणालात ना, एकही सोडू नका."

म्हाताऱ्याचं बोट वेलीवर थांबलं.

"काढा म्हंजी..." तो म्हणाला. "मशीन दाखवाल तो टाका काढती म्हनं. मला मानसानं सांगितलं. म्हटलं, राजाबाईचं टाकं बगून तिच्यावानीच काढंल, त्या टोकापातूर. निम्मं तिचं, निम्मं मशिनीचं, पर दिसंल एकाच हाताचं. दिवाळीच्या आदी गेली ती. लेकीचं दीस ऱ्हायल्यालं तिला कळलं, तवा ही घातली हुती."

श्रीदेवीला त्याच्यासमोर बसवेना, आणि उभं राहायचीही लाज वाटू लागली.

"मामा, मला..."

"आसू द्या. तुमची काय चूक? मीच येडा, नीट सांगाय पायजे हुतं." तो वाकळीची घडी घालू लागला, अगदी हळू, दुसऱ्याच्या घरची वस्तू असावी तशी. राग तिला चालला असता. हे तिला सोसवेना.

आतून अक्कम्मा भिंतीला धरून धरून बाहेर आल्या. सगळं ऐकलेलं होतं.

"काढ म्हणाला तो. उसव म्हणाला का?" त्या सुनेला म्हणाल्या. "दारात रांगोळी काढतेस रोज. ती काय पुसून काढतेस?"

श्रीदेवीच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्कम्मांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी म्हाताऱ्यापुढे दोन्ही हात केले, "द्या हो इकडं," म्हणाल्या, आणि वाकळ खिडकीच्या उजेडात धरायला श्रीदेवीला खुणावलं. कमळाच्या दोन पाकळ्यांमध्ये थोडी मोकळी जागा होती. अक्कम्मा तिथे डोळा लावून बसल्या.

"धुतलीस का ही?"

"नाही."

"पाणी लावलं नाहीस ना? इस्त्री?"

"काहीच नाही, अत्ती."

"मग भोकं बुजली नाहीत." त्यांनी वाकडं बोट कापडावर टेकवलं. "जुनं सुती कापड, जाड सुई. पाणी लागेपर्यंत वाट विसरत नाही. बघा."

म्हातारा वाकला. हिरव्या इरकलात बारीक उजेडाचे ठिपके होते, एकामागे एक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर. त्याने पटका काढला आणि परत बांधला.

"शुक्रवारी या, मामा," श्रीदेवी म्हणाली. या वेळी त्याच्याकडे बघून म्हणाली.

तीन दिवस मशीनवर खोळ होती. गिऱ्हाइकं परत गेली. एकवीस हजार टाके घालायला मशीनला दुपार पुरली होती, उसवायला तीन दिवस लागले. एकेक टाका आकडीने उचलायचा, कापड न दुखवता तोडायचा, चिमट्याने ओढायचा. घाई केली तर मशीनच्या आणि राजाबाईच्या भोकांचा एकच गोंधळ व्हायचा. मशीनची भोकं बारीक आणि दाट, तिची मोठी आणि ऐसपैस. पहिल्या दिवशी श्रीदेवीला फरक कळत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती डोळे मिटून बोटाने सांगू शकत होती. न पाहिलेल्या बाईची तिला इतकी ओळख झाली होती की, सातव्या ओळीत एक टाका लांब गेलेला दिसला तेव्हा ती मनात म्हणाली, इथे बाळाने, नाही, कोकराने ओढलं असेल हिला.

एकच गोष्ट तिला खात होती. भोकं मिळाली, पण त्यांतून दोरा घालणार कोण? अक्कम्मांच्या बोटांत सुई राहत नव्हती. आणि श्रीदेवीचा हातटाका म्हणजे, सासूबाईंच्याच शब्दांत, उंटाची चाल.

शुक्रवारी म्हातारा नऊच्या आत आला. वाकळ पुन्हा तशी झाली होती, अंगभर टोचलेली, उघडी. श्रीदेवीने खाली मान घालून सांगितलं, "मामा, भोकं आहेत. हात नाही."

"सुई द्या हिकडं," सिदू म्हणाला.

दोघी बघत राहिल्या.

"घोंगड्याची कड कोन शिवतंय आमच्यात? मीच की. चाळीस वरसं." तो सरळ जमिनीवर मांडी घालून बसला. "माजा टाका लई रासवट. ती हसायची. पर आता भोकंच तिची हायती म्हंजी, मला काय, नुसतं मागनं जायाचं."

श्रीदेवीने टाचण्यांच्या उशीतून गंजलेली सुई काढून त्याच्या हातावर ठेवली. ती त्याने लगेच ओळखली. दोरा मात्र त्याला ओवता येईना, डोळे तेवढे नव्हते. तो तिने ओवला. तेवढंच तिचं काम, आणि दिवसभर तिने ते केलं. दोरा संपला की तो सुई पुढे करायचा, ती ओवून परत द्यायची.

तो सावकाश शिवत होता. प्रत्येक टाक्याआधी डाव्या बोटाने पुढचं भोक चाचपायचा, मग सुई घालायचा. गाठीच्या जागी गाठ मारायचा. सातव्या ओळीत लांब टाका आला तेव्हा थांबला आणि म्हणाला, "हितं कुत्रं भुकलं आसंल." दुपारी अक्कम्मांनी भाकरी वाढली, तेव्हा हात धुऊन, ते पटक्याच्या टोकाला कोरडे खडखडीत पुसून मगच त्याने वाकळ पुन्हा हातात घेतली. पाण्याचं त्याने बरोबर ध्यानात ठेवलं होतं.

चारच्या सुमाराला विसावी ओळ आली. निम्म्यावर आल्यावर त्याने टाका ओढला, डावं बोट पुढे नेलं, आणि ते बोट कापडावर फिरत राहिलं. थोडं वर, थोडं खाली. परत मागे आणलं, शेवटच्या टाक्यावरून पुन्हा पुढे नेलं.

पुढे भोक नव्हतं.

"हितं उटली ती," म्हातारा म्हणाला.

दिवसभर न रडलेला माणूस तिथे रडला. तोंडावर हात घेऊन नाही, वाकळ भिजेल म्हणून मान बाजूला वळवून. अक्कम्माही रडल्या. श्रीदेवीला वाटलं, आता आपण काहीतरी बोलावं, पण तिचा बोलण्याचा हक्क गेल्या आठवड्यातल्या गुरुवारीच संपला होता.

मग त्याने दोऱ्याला गाठ मारली, सुई काढून आपल्या पटक्यात खोचली आणि वाकळ तिच्यापुढे केली.

"आता फुडचं तुमी काढा, लेकी. हिच्यावानी."

श्रीदेवीने मशीनची खोळ काढली. वेली, फुलं, कमळं सगळी मागे सारून तिने नुसती सरळ ओळ लावली, आणि टाक्याची लांबी पडद्यावरच्या आकड्यांवरून न घेता राजाबाईच्या दोन भोकांवर पट्टी ठेवून घेतली. वाकळ रिंगेत बसवली. पहिला टाका तिने मशीनवर सोडला नाही. बाजूच्या चाकावर हात ठेवून, ते हळूहळू फिरवत, सुई हातानेच खाली आणली, राजाबाईच्या शेवटच्या भोकात. म्हातारा शेजारी वाकून बघत होता.

"तीच हाय का जागा?" त्याने विचारलं.

"तीच, मामा."

त्याने मान हलवली. मग श्रीदेवीने बटण दाबलं आणि राजाबाईचे टाके काढायला घेतले.