गुणी पचवते ते

वहिनीने डब्यातला तांदूळ ताटात ओतला आणि निवडायला तिच्यापुढे सरकवला. दाण्यांच्या टोकांवर फिकट जांभळी छटा होती. तिची बोटे ताटावरच थांबली. ही छटा एकाच वाणाला होती, आणि तो वाण संशोधन केंद्राच्या काचघरात, तिने स्वतः विषारी कॅडमियम मिसळलेल्या मातीत वाढत होता.

“हा कुठून आला?”

“तुझाच की. गुणी.” वहिनी कौतुकाने हसली. “नवाबाला दुसरा चालतच नाही आता. आत्याच्या कारखान्यातलाच माल लागतो.”

नवाब फरशीवर बसून चमच्याने वाटी बडवत होता. नुकतेच बसायला लागलेले मूल. दुधाखेरीज त्याच्या पोटात गेलेले पहिले अन्न हेच. हनुवटीवर मऊ भाताचा पांढरा ठिपका वाळत होता.

तिने दादाला हाक मारली. दादा काचघराची देखभाल करायचा. कापणीनंतर उरलेला दाणा भट्टीत टाकायचे कामही त्याचेच होते. तो टॉवेलने मान पुसत आला आणि तिच्या प्रश्नाने आधी दुखावलाच. इतर वाणांची पिवळी पडलेली, खुरटलेली रोपे त्यालाही दिसत होती. त्यांचा एक दाणाही त्याने कधी उंबऱ्याच्या आत आणला नव्हता. गुणीचे एवढे हिरवेगार, भरल्या लोंब्यांचे पीक जाळायचे मात्र त्याच्या जिवावर आले होते.

“मला काय वेड लागलंय, पोराला विष घालायला?” तो म्हणाला. “तूच सांगितलंस ना, इथे बसून, की गुणी विष पचवते?”

तिने सांगितले होते. त्याच स्वयंपाकघरात, अभिमानाने. शेजारची रोपे एकेक करून मान टाकत असताना ही तक्रार न करता वाढत राहिली, म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांनी लाडाने तिला गुणी म्हटले, आणि पचवते हा शब्द आपसूक ओठांवर आला. पचलेले उरत नाही. त्याचे रक्त होते, बळ होते. पण रोपाला पोट नसते. धातूचे काहीच होत नाही, तो धातूच राहतो. गुणीतले जनुक त्याचा कण न् कण पेशीतल्या अंधाऱ्या कोठडीत ढकलते आणि दार लावून घेते, एवढेच. ही कोठडी मुळांतच असावी, दाणा स्वच्छ राहावा, यासाठी तर सारा खटाटोप होता. गुणीत तो फसला होता. तिच्या कोठड्या थेट दाण्यापर्यंत पोचल्या होत्या.

“पचवत नाही, दादा,” ती म्हणाली. “साठवते.”

दादाने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मग पुन्हा उचलला. वहिनीने खाली वाकून मुलाच्या तोंडात बोट घातले आणि गालाशी राहिलेली दोन शिते बाहेर काढली. शिते हातात धरून ती उभी राहिली. ती कुठे टाकावीत हे तिला कळेना.

“आणि माणसात?” वहिनीने विचारले.

“मूत्रपिंडात.”

“निघून जातं ना मग?”

“हळूहळू.”

“हळूहळू म्हणजे?”

आयुष्याचा मोठा तुकडा, हे उत्तर तिला ठाऊक होते.

तिने मुलाला उचलून खिडकीपाशी नेले. डोळ्यांचे पांढरे, नखांची मुळे, तळवे, सगळे एखाद्या रोपाची पाने तपासावीत तसे उलटसुलट पाहिले. कुठे डाग नव्हता. गाल गुबगुबीत, त्वचा तुकतुकीत, पकड घट्ट. काचघरात अशा तजेल्याने तिचा ऊर भरून यायचा. आता त्याच तजेल्याकडे पाहत तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी फोनवर फार बोलणे टाळले. आधी लघवीचा नमुना आणा, म्हणाले, बाकीचे नंतर.

मग त्या दोघी न्हाणीघरात बसल्या, उघड्या मुलापुढे उकळून घेतलेली बाटली धरून. दादा दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. आत यायचे धैर्य त्याला होत नव्हते. वहिनीने नळ बारीक सोडला, शीळ घातली, पोटावर ओला हात फिरवला. मुलाला हा नवा खेळ वाटला. पाय आपटत तो खिदळला.

“एरवी मेला मांडी कोरडी राहू देत नाही,” वहिनी म्हणाली. “आज बघ कसा, काही सोडायलाच तयार नाही.”

कोणी हसले नाही. तिने बाटली या हातातून त्या हातात घेतली. नळ वाहत होता.