राईबाहेरची चप्पल

मी सारिकाच्या डाव्या पायातली चप्पल बोलतेय. उजवी शेजारीच आहे, पण ती पहिल्यापासून अबोल. म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

लोणावळ्याच्या बाजारातून सारिकानं आम्हाला घेतलं. ती आशाताई. लोहगडामागच्या डोंगरातल्या एका वाडीवर ती दर बुधवारी गरोदर बाया आणि तान्ही मुलं बघायला जायची. त्या चढणीनं माझा अंगठा दोनदा तुटला, तिनं दोनदा शिवून घेतला. तिच्या टाचेखाली मी सुखात होते.

वाडीच्या वाटेवर देवराई आहे. पायताण आत न्यायचं नाही, असा तिथला नियम. सारिका आम्हाला राईच्या खालच्या तोंडाशी, या धोंड्याशी काढून ठेवायची आणि राईतून अनवाणी वाडीत जाऊन यायची. तिच्या पायात काटे मोडायचे आणि राग मला यायचा. ती मात्र म्हणायची, "त्यांचा देव हाय. आपलं काय जातंय?"

दुसरा नियम बायांसाठी. पाळीतली, कळा देणारी किंवा सव्वा महिन्याच्या आतली बाळंतीण राईतून न्यायची नाही, तासाभराचा वळसा घालायचा. वाडीतल्या गंगीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिची डोली तशीच वळशानं आणली. सारिका गप्प राहिली. या धोंड्यापर्यंत पोचेस्तोवर गंगीचं बाळ गेलं होतं. सारिका आम्हाला पायात घालून डोलीमागून चालू लागली. "मी बोलाय पायजे हुतं," एवढंच म्हणत राहिली.

गेल्या श्रावणात मंगलची वेळ आली. मंगल म्हणजे राईचा भगत शिदूआबा, त्याची सून. मी धोंड्यावर होते. बघते तर डोली थेट राईतून बाहेर आली! पुढे सारिका, मागून धापा टाकत आबा.

"राई बाटवलीस! पुन्यांदा वाडीत पाय ठेवू नगंस!"

सारिका वळली. "आबा, चपला काडूनच आलते मी. कायम काडीन. पर गंगीच्या येळंला गप बसले, आता न्हाई बसायची."

खाली रस्त्यावर गाडी उभी होती. आम्हाला पायात घालायलाही न थांबता सारिका डोलीमागे अनवाणीच धावली. आबानं रागानं मला उचललं. फेकणार, असं वाटलं. पण माझा दोनदा शिवलेला अंगठा त्यानं चाचपला आणि मला परत धोंड्यावर ठेवलं.

महिन्याभरानं मंगल लेकीला घेऊन धोंड्याशी आली. घ्यायला आलेल्या आबाचे डोळे भरले. "आशाताईला म्हनावं, तुज्या चपला हितंच हायत्या."

"तुमीच सांगा की, आबा. दवाखान्यात लय रडली ती."

नातीला कवेत घेऊन आबा राईतून गेला. मंगल मात्र वळशाच्या वाटेनंच गेली.

तेव्हापासून दर बुधवारी आबा इथं येऊन बसतो. आमच्यावरचा पालापाचोळा झाडतो, खालच्या रस्त्याकडे बघतो. मीही बघते. माझ्यातला तिच्या टाचेचा खळगा पावसानं अजून पुसलेला नाही.

सारिका, ये गं. या धोंड्याशी आम्हाला खुशाल काढून ठेव, आता राग नाही येणार. पण काढून ठेवायला तरी एकदा पायात घाल.