न वाळणारी भिंत

"हा सोफा बनवणाऱ्याला एकदा तरी याच्यावर झोपवायला हवं होतं. इथे खड्डा, तिथे टेकाड. माणसाने पाठ टेकायची कुठे?"

सासूबाई हे मला सांगत नव्हत्या. सोफ्यावर बसून चादरीची घडी घालता घालता त्या चादरीलाच सांगत होत्या. पण आमच्या हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात एका ओट्याचंच काय ते अंतर, त्यामुळे चादरीला सांगितलेलं सगळं मला ऐकू येतं. यावं म्हणूनच सांगितलेलं असतं.

"भिंत वाळली की जा परत तुमच्या पलंगावर," मी चहा गाळत म्हटलं.

"वाळली तर ना," असं म्हणून त्यांनी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

भिंत म्हणजे मागच्या खोलीची. त्या खोलीला आम्ही अजूनही अण्णांची खोली म्हणत होतो. माझ्या सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण 'गेले' हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. फोनवर कुणी विचारलंच तर नवरा "अण्णांचं ते झालं तेव्हापासून" इथवर यायचा आणि पुढचं गिळून टाकायचा. त्यांचा चष्मा फडताळात होता तसाच होता. इस्त्री त्याच फडताळात असते, आणि ती हवी असली की नवरा खोलीच्या दारात उभा राहून मला हाक मारायचा. हात लांब केला असता तर त्यालाच मिळाली असती.

एका सकाळी पलंगामागची भिंत छतापासून खालपर्यंत ओलीचिंब झाली. रंगाला फोड आले, सासूबाईंची उशी भिजली. अण्णा घोरायचे तेव्हा सासूबाई नेहमी म्हणायच्या, "या माणसाच्या घोरण्याने एक दिवस भिंतीचा रंग उडणार आहे." त्या दिवशी गळून पडलेले पोपडे गोळा करताना आम्हा सगळ्यांना तेच आठवलं असणार. बोललं कुणीच नाही.

पाणी वरच्या बाथरूममधून झिरपत होतं. वर एक गृहस्थ एकटेच राहतात, गाडी चालवायला शिकवतात. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून इतके सोशीक झालेत, की आपल्यामुळे खालच्यांची भिंत भिजली म्हटल्यावर त्यांनी आंघोळच सोडायची तयारी दाखवली. घरमालकीणबाईंनी प्लंबर पाठवला. त्याने वरची फरशी उखडून पाईपचा सांधा बदलला, सिमेंट भरलं आणि थोड्या दिवसांत वाळेल म्हणून सांगून गेला. तोवर सासूबाईंची उशी-चादर हॉलमध्ये सोफ्यावर आली.

सोफ्याच्या खाली गादी घालून माझी लेक झोपते. कॉलेजात तिचं नाव काहीही असो, घरात ती भिंगरी. दिवा घालवला की सोफ्यावरून गादीवर आणि गादीवरून सोफ्यावर कुजबुज सुरू व्हायची. मधेच दोघी उशीत तोंड खुपसून हसायच्या. सकाळी सोफ्याचा उद्धार व्हायचा तो व्हायचाच, पण सासूबाईंच्या डोळ्यांखालचं काळं उतरायला लागलं होतं.

भिंतही वाळायला लागली होती. मग एकाएकी पुन्हा ओली झाली.

प्लंबर परत आला. वर धो धो पाणी सोडून खाली येऊन भिंतीला कान लावून उभा राहिला. "ताई, पाईप कोरडाठाक आहे," तो म्हणाला. "आता भिंतीलाच घाम येत असेल तर मी काय करू?"

मास्तर संध्याकाळी कामावरून येताना आमच्या दारात थांबायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "आज कशी आहे?"

"कालच्यासारखीच," मी म्हणायची.

"काळजी घ्या," म्हणून ते मान खाली घालून वर जायचे. जिन्यात कुणी ऐकलं असतं तर आमच्याकडे कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असंच वाटलं असतं.

एकदा नवरा हॉलमध्ये शर्टाला इस्त्री करत होता. कपड्यांवर पाणी फवारायची आमची एक बाटली आहे. त्याने ती दाबली तर नुसती फुसफुसली. "ही बाटली रोज कोण संपवतं?"

"मी नाही," भिंगरी म्हणाली. "मी कपड्यांना इस्त्रीच करत नाही."

"ते दिसतंय."

सासूबाई मटार सोलत होत्या. एरवी अशा वेळी नातीची बाजू घेतल्याशिवाय राहायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष मटारात होतं.

इस्त्री परत ठेवायला मी खोलीत गेले आणि पहिल्यांदाच भिंत नीट पाहिली. आधीची ओल छतापासून उतरली होती. ही छताच्या वाटेलासुद्धा गेली नव्हती. माझ्या खांद्यापाशी सुरू होऊन खाली ओघळली होती, आणि कडेने बारीक थेंबांची जाळी उमटली होती, शर्टाच्या कॉलरवर फवारा मारला की उमटते तशी. सासूबाई माझ्या खांद्याला लागतात.

विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकून घ्यायला माझं मन धजेना. मी बाटली नळाखाली धरली, काठोकाठ भरली आणि जागेवर ठेवून दिली.

रविवारी घरमालकीणबाई स्वतः आल्या. सोबत प्लंबर, आणि आपल्यामुळे सगळं झालं म्हणून अपराधी चेहऱ्याने मास्तर. बाईंनी चष्मा डोक्यावर चढवून भिंतीला हात लावला आणि च्च च्च केलं.

"आता भिंत फोडल्याशिवाय गत नाही. वरचं बाथरूमही सगळं उखडावं लागेल. तेवढे दिवस तुम्हाला इथे कसं राहता येणार? आजींना ही ओल बाधली तर मला जन्मभर लागून राहील. वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही दुसरं घर बघा."

प्लंबरने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे. त्याच्याही लक्षात आलं होतं.

"घर मीच सोडतो," मास्तर म्हणाले. "माझं काय, मी गाडीतही झोपेन."

"नको, नको," नवरा दारातूनच म्हणाला. तो नेहमीसारखा चौकटीत उभा होता. "आम्हीच जातो. नाहीतरी हे घर आता आम्हाला मोठंच पडतं."

"मोठं?" भिंगरी म्हणाली. "बाबा, मी हॉलमध्ये जमिनीवर झोपते!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, याला घर मोठं पडत नव्हतं, ही एक खोली सोसवत नव्हती. घर सोडायचं निमित्त कुणीतरी आयतं आणून दिलं होतं, आणि तो सुटल्यासारखा दिसत होता.

सासूबाई सोफ्यावरून उठल्या. मुलाला कोपराने बाजूला सारून आत आल्या, फडताळातली बाटली काढली आणि घरमालकीणबाईंच्या हातात दिली.

"भिंत फोडू नका. तिचं काही दुखत नाही. मीच भिजवते तिला."

"अहो आजी, पण का?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या दाराकडे बघत होत्या.

"आत ये."

नवऱ्याने एक पाऊल टाकलं.

"आत म्हटलं मी. दारात थांबायला तू पाहुणा आहेस का?"

तो आत आला. कुठे उभं राहावं हे न कळून फडताळाशी, त्या चष्म्याजवळ जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हे घर सोडून मला कुठेही जायचं नाही. आणि त्या मेल्या सोफ्यावर माझी कंबर मोडते, मला पलंगच हवाय. पण इथे आडवी झाले की मी नुसती कान देऊन पडून राहते, आत्ता आवाज येईल, मग येईल." त्यांनी श्वास घेतला. "अण्णा गेले रे, बाळा. आता या खोलीत कुणी घोरत नाही."